रुपया-पौंड विनिमय दर आणि गोंदिया परिसर (१८७१ ते १९३३) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दोन देशांच्या चलनांमधील विनिमय दराचा अभ्यास बहुधा बँका, बंदरे आणि परदेशी व्यापार यांच्या संदर्भात केला जातो. समुद्रापासून दूर असलेल्या धान उत्पादक प्रदेशाशी त्याचा संबंध सहसा जोडला जात नाही. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. विवेच्य काळात हा परिसर मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. येथील अर्थजीवन तलावांच्या पाण्यावरील धान, मालगुजारी आणि सावकारी कर्ज यांवर उभे होते. त्यावर रुपया-पौंड दराचा परिणाम कोणत्या मार्गांनी झाला व त्याचा भार कोणावर पडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

चांदीचा रुपया आणि पौंडातील देणी

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र लागू झाला. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्यावर आधारित होता. त्यामुळे सोने व चांदी यांच्या भावांतील प्रमाण हाच वस्तुतः दोन्ही चलनांचा विनिमय दर होता. १८७० नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, इतर युरोपीय राष्ट्रांनी चांदीची नाणी पाडणे मर्यादित केले आणि अमेरिकेतील खाणींमुळे चांदीचा पुरवठा वाढला. परिणामी रुपयाचा दर घसरत गेला. लंडनमध्ये एक हजार पौंडांचे देणे भागविण्यासाठी किती रुपये लागत, हे पुढील कोष्टकावरून स्पष्ट होते.

वर्ष — एका रुपयाचा दर — १,००० पौंडांसाठी रुपये
१८७१-७२ — सुमारे १ शिलिंग ११ पेन्स — १०,४३५
१८९४-९५ — सुमारे १ शिलिंग १ पेनी — १८,४६२
१८९९ — १ शिलिंग ४ पेन्स — १५,०००
१९२७ — १ शिलिंग ६ पेन्स — १३,३३३

गोंदियाची भरभराट ज्या रेल्वेमुळे झाली, तिचा या आकड्यांशी थेट संबंध होता. नागपूर-छत्तीसगड मीटरगेज मार्ग १८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सुरू झाला. १८८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित केला. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे नॅरोगेज मार्ग गेला आणि गोंदिया हे जंक्शन बनले. या रेल्वेचे उत्पन्न रुपयांत जमा होई. परंतु कंपनीच्या भागभांडवलावरील हमीचे व्याज लंडनमध्ये पौंडात द्यावे लागे. रुपया घसरला की तेवढ्याच व्याजासाठी सरकारी तिजोरीतून अधिक रुपये जात, आणि ती तिजोरी रयतेच्या करांतून भरली जात असे.

टांकसाळींचे दरवाजे बंद

हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी देऊन अल्प शुल्कात रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९९ मध्ये १५ रुपयांना एक सॉव्हरिन, म्हणजे रुपयास १ शिलिंग ४ पेन्स, हा दर निश्चित झाला. या दराने एक आणा एका पेनीबरोबर येई. मात्र त्या सुमारास रुपयातील चांदीची किंमत सुमारे दहा पेन्स, म्हणजे दहा आणेच, होती.

या निर्णयाने सरकारची विलायतेतील देणी सुकर झाली. पण खेड्यातील बचत चांदीच्या दागिन्यांच्या रूपात होती. पूर्वी रुपयाभर वजनाचे कडे जवळजवळ रुपयाचेच असे. आता त्यास रुपयापेक्षा बरेच कमी मिळू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तो नेमका याच काळात. दागिने विकून धान्य घेणाऱ्या कुटुंबास ही तूट सोसावी लागली. रुपयाचे मूल्य कृत्रिमरीत्या वाढविणे म्हणजे अप्रत्यक्ष करवाढच होय, असा दादाभाई नौरोजी यांचा आक्षेप होता.

१ शिलिंग ६ पेन्सचा वाद

पहिल्या महायुद्धात चांदी महागल्याने रुपयाचा दर चढला. १९२० मध्ये तो २ शिलिंगांवर बांधण्याचा सरकारी प्रयत्न काही महिन्यांतच फसला. गोंदियामार्गे जाणाऱ्या बालाघाट भागातील मँगनीजसारख्या निर्यातमालाची किंमत पौंड-पेन्समध्ये ठरे; त्यामुळे चढ्या दरात रुपयांतील प्राप्ती घटत असे.

हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स हा दर कायदेशीर झाला. जुन्या दरापेक्षा तो साडेबारा टक्क्यांनी अधिक होता. पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी आयोगात भिन्नमत नोंदविले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथाचे कर्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही आयोगापुढे साक्ष दिली. विनिमय दराच्या स्थैर्यापेक्षा रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य महत्त्वाचे, ही त्यांची भूमिका होती. रुपया स्वस्त केल्याने व्यापारी-उद्योजकांस लाभ होतो, परंतु भाववाढीची झळ मजुरांस बसते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

गोंदियाचा तांदूळ प्रामुख्याने देशी बाजारात जाई. म्हणून दराचा परिणाम त्यावर सर्वसाधारण भावपातळीतून होत असे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. सप्टेंबर १९३१ मध्ये पौंडाने सोन्याची साथ सोडली, तरी रुपया १ शिलिंग ६ पेन्सलाच जखडून राहिला. शेतसारा व कर्जाचे हप्ते मात्र ठरलेल्या रुपयांतच द्यावयाचे होते. तेच रुपये मिळविण्यासाठी अधिक धान विकावे लागले. १९३३ चा मध्य प्रांत कर्ज तडजोड कायदा या संकटाचीच साक्ष देतो.

निष्कर्ष

या विवेचनावरून असे दिसते की, रुपया घसरला तेव्हा रेल्वेच्या व्याजाचा बोजा करदात्यांवर आला, तर रुपया चढा ठेवला तेव्हा दागिने विकणारे आणि कर्जबाजारी कास्तकार भरडले गेले. म्हणजे प्रश्न केवळ दर उंच की नीच असावा, एवढाच नव्हता. दर ठरविणाऱ्यांत आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांत असलेले अंतर हा त्याचा गाभा होता. पौंडास सुमारे १३.३३ रुपये हे १९२७ चे प्रमाण स्वातंत्र्यानंतरही, ६ जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत टिकले. प्रादेशिक आर्थिक इतिहास लिहिताना पीकपाणी व महसूल यांच्याबरोबरच विनिमय दराचीही नोंद घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.