घरातली वडिलोपार्जित बंदूक : ओळख, जतन आणि कायदा

आजोबांच्या काळातली बारा बोअर, कपाटावर गुंडाळून ठेवलेली ठासणीची बंदूक किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवरची जुनी तोडेदार. जुन्या घरांत अशी एखादी वस्तू असते. तिच्याविषयी किस्से भरपूर असतात, पण कागद कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. घरातल्या मोठ्यांचा इंतकाल झाला की प्रश्न पुढे येतो: हिचं करायचं काय? ठेवता येते का, विकता येते का, पोलिसांत द्यावी लागते का? त्यासाठी ही माहिती.

बंदूक कोणत्या प्रकारची?

सर्वांत जुनी ती तोडेदार. जळता तोडा म्हणजे वात दारूला लावून ती उडवत. नंतर गारगोटीची ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक आली आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या टोपीवर घोडा आपटणारी टोपीची बंदूक. या तिन्ही ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून गजाने ठासायच्या. मागून काडतूस घालायच्या बंदुका त्यानंतरच्या. शिकारीची दुनळी बारा बोअर त्यातलीच.

ओळख पटवायला नळीवरचे शिक्के पाहा. विलायती बंदुकीवर कारखान्याचं नाव, क्रमांक आणि चाचणीचे शिक्के असतात. ही चाचणी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या सरकारमान्य चाचणीगृहात होई. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 च्या कायद्याने सुरू झालं. देशी बंदुकीवर फारसी मजकूर किंवा हिजरी सन असू शकतो. हिजरी 1215 म्हणजे इसवी सन 1800-01, हा हिशेब लक्षात ठेवला तर अंदाज चुकत नाही. पण सन कोरलेला आहे म्हणून वस्तू त्याच काळातली, असं धरून चालू नका. नकला बऱ्याच आहेत.

मोठा वारसा

या कारागिरीत आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरात ओतली गेली. ओतणारे मुहम्मद बिन हसन रूमी. वजन सुमारे 55 टन. जंजिऱ्याच्या तटावर सिद्दींची कलाल बांगडी आजही पाहता येते. अकबर बादशाहाच्या आवडत्या बंदुकीचं नाव ‘संग्राम’ होतं, अशी नोंद अबुल फजलने केली आहे. टिपू सुलतानच्या कारखान्यांत बनलेल्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी आणि मौलूदी सन आढळतो. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यातल्या कित्येक इंग्लंडला गेल्या.

जुनी शस्त्रं पाहायची असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि हैदराबादचं सालारजंग संग्रहालय जरूर बघा. घरातल्या वस्तूशी ताडून पाहायलाही उपयोग होतो.

‘जुनी आहे, परवाना कशाला?’ हा गैरसमज

सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या, पुराणवस्तूचं मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण एका अटीवर: ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. म्हणजे नुसतं वय पुरत नाही. दुरुस्तीने उडू शकणारी ठासणीची बंदूक शंभर वर्षांची असली तरी परवाना लागतो. तुमची बंदूक सुटीत बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नका. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

विनापरवाना बंदूक बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. नळीवरचा क्रमांक घासून काढणं हाही गुन्हाच आहे.

परवानाधारकाच्या निधनानंतर

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. म्हणून निधनानंतर ‘चाळिसावा होऊ दे, मग बघू’ असं करू नका. कलम 21 प्रमाणे बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. कंपनी, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. जमा केल्याने हक्क जात नाही. पण ठरलेल्या मुदतीत पुढची कार्यवाही केली नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

त्यानंतर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत मृत्यूचा दाखला, जुना परवाना, जमा पावती, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. अर्जदाराचं वय किमान 21 हवं. पोलीस चौकशी होते आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मंजूर झालेला परवाना पाच वर्षांसाठी असतो.

शस्त्र नियम 2016 मध्ये हयातीतच वारस नेमायची सोय आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर तो वारसाचं नाव सुचवू शकतो. घरात वडीलधारे असतील तर हा विषय आजच काढा.

एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेल्या बंदुकाही याच हिशेबात धरल्या जातात.

तरक्याचा मुद्दाही महत्त्वाचा. परवाना एका भावाच्या नावावर झाला म्हणून बहिणींचा किमतीतला हिस्सा संपत नाही. ना-हरकतीवर सही घेण्याआधीच किंमत ठरवा आणि वाटणी लिहून ठेवा. कुणालाच बंदूक नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विक्री करून रक्कम वाटून घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेण्यावर 1972 च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून सामानातून देऊ नका.

जतन आणि सुरक्षितता

कोणतीही जुनी बंदूक भरलेलीच आहे असं समजा. ठासणीच्या नळीत जुनी दारू वर्षानुवर्षं राहू शकते. घोडा ओढून पाहू नका. परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या.

जुन्या बंदुकीत आजची काडतुसं घालू नका. पट्ट्या पिळून बनवलेल्या नक्षीदार नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत, आजच्या दारूचा दाब त्यांना फाडू शकतो. अनेक जुन्या बारा बोअर 65 मिलिमीटर काडतुसाच्या असतात. 70 मिलिमीटरचं काडतूस आत बसतं, पण दाब धोक्याइतका वाढतो.

गंज निघावा म्हणून सँडपेपर मारू नका. शिक्के आणि नक्षी गेली की मोलही गेलं. मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. चामड्याच्या पेटीत ओल धरते, कोकणात तर पावसाळ्यात हमखास, म्हणून ती कायमच्या साठवणीला नको. बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं पूर्वी मानाचं समजत. आता त्यातून कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेत गेलेली गोळी खालीच येते.

बंदुकीसोबत एक वही ठेवा. कुणी घेतली, कधी घेतली, परवाना क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, जुने फोटो, सगळं एका जागी. पुढच्या पिढीला बंदूक सांभाळायची असो की संग्रहालयाला द्यायची असो, ही वही नसेल तर तिचा इतिहास सांगायला कुणी उरणार नाही.