कुठे, किती, केवढ्या पट्ट्यात

माझ्या जुन्या, काड्यापेटीएवढ्या म्युझिक प्लेअरच्या पडद्यावर तीन आकडे आहेत: 50, उणे 18 आणि 6.4. सोलापूरच्या एका घरगुती बैठकीची कॅसेट संगणकावर उतरवून मी या प्लेअरमध्ये घातली, तेव्हापासून ते तिथेच आहेत. ती कॅसेट मामांनी 1980च्या दशकात भरली होती. गायक गावातलेच, तबल्यावर शाळेतले एक मास्तर. गाणं फार चांगलं झालं आहे. पण अर्थिंग नीट नसावं, कारण पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत सगळ्याखाली विजेची घूं भरून राहिली आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, म्हणून ती घूंही 50 हर्ट्झवर.

बेस कमी केला की घूं जाते, पण डग्गाही जातो आणि तंबोऱ्याचा खर्ज पातळ होतो. या तीन आकड्यांनी फक्त घूं गेली. पहिला आकडा सांगतो कुठे, दुसरा सांगतो किती आणि तिसरा सांगतो केवढ्या पट्ट्यात. पॅरामेट्रिक इक्वलायझर तो एवढाच. हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात, हे सुचायला मात्र बराच काळ जावा लागला.

इक्वलायझर हा शब्द आला टेलिफोनच्या तारेतून. लांब तारेत सगळे स्वर सारखे झिजत नाहीत. वरचे आधी विरतात, खालचे टिकून राहतात. त्यामुळे दूरच्या माणसाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येतो. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक कळत नाही. 25 जानेवारी 1915 रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही 3,400 मैलांची लाइन सुरू झाली, ती वाटेत बसवलेल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या रिपीटरांमुळे. रिपीटर आवाज मोठा करतो, पण बिघडलेलं प्रमाण तसंच मोठं करतो. तेव्हा प्रमाण आधी सुधारायचं, असं अभियंत्यांनी ठरवलं. त्यासाठी त्यांनी कॉइल आणि कपॅसिटर जोडून असं सर्किट केलं, की तारेत जे कमी झिजलं आहे ते त्यानं तेवढंच झिजवावं. खालचे स्वर मुद्दाम खाली आणायचे, सगळे एका पातळीवर आले की एकदम उचलायचे. दोन्ही टोकांना आवाज समसमान, म्हणून इक्वलायझर. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या ओटो झोबेल यांनी 1928 मध्ये या सर्किटांचं गणित सविस्तर मांडलं.

इथे एक गोष्ट मनाशी धरून ठेवावी. हे यंत्र जन्माला आलं तेव्हा ते काही वाढवत नव्हतं. ते फक्त कमी करत होतं.

माझ्या पडद्यावरच्या 6.4 या आकड्यासमोर ‘क्यू’ हे अक्षर असतं, तेही याच घराण्यातलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकमधले के. एस. जॉन्सन टेलिफोनच्या कॉइली किती चांगल्या आहेत हे मोजत होते. त्या गुणोत्तराला एक अक्षर हवं होतं. बाकीची बहुतेक अक्षरं कशा ना कशासाठी वापरून झाली होती, म्हणून 1920च्या सुमारास त्यांनी ‘क्यू’ घेतलं. पुढे लोकांनी त्याचा अर्थ ‘क्वालिटी’ असा लावला. मधली फ्रिक्वेन्सी भागिले पट्ट्याची रुंदी म्हणजे क्यू. 50 ला 6.4 ने भागलं की साधारण 8 येतात. म्हणजे माझी कात्री 50च्या आसपास जेमतेम 8 हर्ट्झ रुंदीचा पट्टा कापते. याहून अरुंद पट्टा इथे उपयोगाचाही नाही. कॅसेटचा वेग किंचित डळमळतो, आणि त्याबरोबर घूं 50च्या अलीकडे-पलीकडे सरकत राहते.

टेलिफोनच्या खोलीतून हे यंत्र रेडिओ, सिनेमा आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गेलं, आणि तिथे त्याचं काम बदललं. तारेनं खाल्लेलं परत मिळवणं मागे पडलं. गाण्याला उठाव आणणं पुढे आलं. 1951 मध्ये न्यू जर्सीतल्या पल्स टेक्निक्स या छोट्या कंपनीनं, म्हणजे पुलटेकनं, जो इक्वलायझर आणला तो अजून स्टुडिओवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1952 मध्ये, पीटर बॅक्सन्डॉल या इंग्रज अभियंत्यानं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात बेस आणि ट्रेबलचं एक साधं सर्किट छापलं. जगभरच्या रेडिओंत, अँपांत आणि टेपरेकॉर्डरांत जी दोन बटणं दिसतात त्यांपैकी असंख्य बटणांमागे तेच सर्किट, किंवा त्याचं एखादं भावंड आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी अँप्लिफायर जुळवणाऱ्या मंडळींनीही ते हातानं जोडलेलं आहे. मासिक उघडायचं, आकृती बघायची, सोल्डरिंग आयर्न तापवायची. बॅक्सन्डॉल यांनी ते असं सगळ्यांसमोर ठेवलं याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

मग आला ग्राफिक इक्वलायझर, सरकत्या दांड्यांचा. दांड्या ओळीनं बघितल्या की आवाजाचा आलेखच दिसतो, म्हणून ग्राफिक. आपल्याकडे घरोघरच्या टू-इन-वनवर आणि टॅक्सीच्या टेपवर तो पोचला. पण त्यात ‘कुठे’ हे कारखान्यातच ठरलेलं असतं: 31, 63, 125, 250, असं दुपटीदुपटीनं वर 16,000 पर्यंत. पट्ट्याची रुंदीही ठरलेली. माझी घूं 50 वर. मला मिळते 63ची दांडी, आणि ती ओढली की डग्ग्याची घुमार तिच्याबरोबर खाली. तीनपैकी एकच प्रश्न माझ्या हातात, ‘किती’ एवढाच.

उरलेले दोन प्रश्न मोकळे झाले ते अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये. 1966-67च्या सुमारास बर्जेस मॅकनील आणि त्यांच्याबरोबर काम करणारा जॉर्ज मॅसेनबर्ग, जो तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता, रेकॉर्डिंगच्या कन्सोलसाठी एका इक्वलायझरचा विचार करत होते. तीन पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला तीन स्वतंत्र बटणं. एक फिरवलं तर उरलेल्या दोघांनी हलता कामा नये. ऐकायला हे साधं वाटतं. पण कॉइल आणि कपॅसिटरच्या जुन्या सर्किटात फ्रिक्वेन्सी बदलायची तर अख्खा भागच बदलावा लागे, म्हणून तिथे टप्प्याटप्प्याचा स्विच असायचा: इथून थेट तिथे, मधे काही नाही. मधल्या सगळ्या जागा अखंड, सरकत जाऊन मिळायच्या तर इलेक्ट्रॉनिक्सची घडण वेगळी हवी होती, आणि त्यात त्यांचे सहकारी बॉब म्युशॉ यांचा हात होता. त्याच काळात ओहायोमध्ये डॅनियल फ्लिकिंजर आपल्या कन्सोलांसाठी अशाच सरकत्या इक्वलायझरवर पोचले होते. स्लाय स्टोन आणि आइक टर्नर या संगीतकारांनी त्यांचे कन्सोल वापरले.

मे 1972 मध्ये लॉस एंजेलिसला ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मॅसेनबर्ग यांनी निबंध वाचला. शीर्षक ‘पॅरामेट्रिक इक्वलायझेशन’. या यंत्रासाठी ‘पॅरामेट्रिक’ हा शब्द तिथून रुळला. पॅरामीटर म्हणजे ज्याच्या किमती आपण ठरवायच्या ते घटक. इथे ते तीन. पुढे मॅसेनबर्ग ‘अर्थ, विंड अँड फायर’सारख्या मंडळींचे ध्वनिमुद्रक म्हणून नावाजले. श्रेयाचा विषय निघाला की ते चौघांची नावं घेतात: मॅकनील, म्युशॉ, फ्लिकिंजर आणि स्वतः. शोधांच्या इतिहासात भांडणंच जास्त सापडतात, त्यामुळे हे वाचून बरं वाटतं.

अखंड सरकण्यामुळे कानाला एक नवी युक्तीही मिळाली. आवाजात काहीतरी बोचतं आहे, पण नेमकं कुठे ते कळत नाही. अशा वेळी एक अरुंद पट्टा घ्यायचा, तो चांगला 8-10 डेसिबल वर उचलायचा आणि हळूहळू खालून वर सरकवत न्यायचा. एका जागी ते बोचणं असह्य होतं. तीच जागा. आता त्याच जागी उचललेलं उलटं करून खाली दाबायचं. दुखणं शोधायला वैद्य पोटावर बोटं फिरवतात, तसंच हे. टप्प्याच्या स्विचवर हे जमणारच नव्हतं. मात्र शोधताना आवाज लहान ठेवावा. इअरफोनमध्ये उचललेला पट्टा कानाला इजा करू शकतो.

खिशात हे सगळं फार उशिरा आलं. सोनीचा वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीला आला. पुढच्या काही मॉडेलांवर तीन-पाच सरकत्या दांड्या आल्या, म्हणजे तोच ग्राफिक, चिमुकला. ऑक्टोबर 2001 मध्ये आयपॉड आला. त्यात नंतर मिळालेल्या इक्वलायझरमध्ये ‘रॉक’, ‘जाझ’ अशी नावं होती. नाव निवडायचं, आतले आकडे दिसायचेही नाहीत. ख्याल ऐकणाऱ्यानं त्यातलं कोणतं निवडावं?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्यॉर्न स्टेनबर्ग आणि त्यांच्या स्वीडिश सोबत्यांनी आर्कॉस कंपनीच्या प्लेअरसाठी स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलं. त्याचं नाव रॉकबॉक्स. विनामूल्य, कोड सर्वांसाठी खुला. पहिल्या आर्कॉसमध्ये गाणं उलगडण्याचं काम एक वेगळी चिप करायची, त्यामुळे प्रोग्रॅमला आवाजापर्यंत हात घालता येत नव्हता. आयरिव्हर कंपनीच्या एच-100 मालिकेतल्या प्लेअरांत ते काम मुख्य प्रोसेसरकडे होतं. आवाजाचा प्रत्येक नमुना रॉकबॉक्सच्या हातून जाऊ लागला, आणि पॅरामेट्रिक इक्वलायझर खिशात उतरला. आधी पाच पट्टे, पुढे दहा. प्रत्येकाला तेच तीन आकडे.

इथे मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते हिशेबाचं. डिजिटल पट्टा म्हणजे प्रत्येक नमुन्यावर पाच गुणाकार आणि काही बेरजा. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी त्या पाच संख्या काढण्याची सूत्रं ‘कुकबुक’ या नावानं लिहून ठेवली आणि अक्षरशः पाककृतीसारखी वाटली. जगातले कितीतरी इक्वलायझर त्यांवर चालतात. सेकंदाला 44,100 नमुने, डावा-उजवा मिळून दुप्पट, म्हणजे एका पट्ट्याला 4,41,000 गुणाकार आणि दहा पट्ट्यांना 44 लाख, दर सेकंदाला. आणि या प्रोसेसरांना दशांश अपूर्णांकांचं गणित जात्याच येत नव्हतं. सगळं पूर्णांकांत बसवून, एक-एक बिट सांभाळत लिहावं लागलं. म्हणून प्रत्येक चालू पट्टा बॅटरी थोडी लवकर उतरवतो.

माझ्या प्लेअरवरच्या रॉकबॉक्सच्या इक्वलायझरच्या यादीत ‘प्रीकट’ नावाची एक ओळ आहे. सीडीच्या प्रतीच्या आवाजात नमुन्याला 32,767च्या वर जागाच नसते. एखादा पट्टा 6 डेसिबल उचलला आणि गाणं आधीच काठोकाठ असलं, तर लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. म्हणून आधी सगळंच 6 डेसिबल खाली घ्यायचं, मग हवा तो पट्टा उचलायचा. टेलिफोनवाले आधी झिजवायचे आणि मग उचलायचे, त्याच रीतीकडे आपण पुन्हा येऊन पोचतो. माझ्या सेटिंगमध्ये सगळे आकडे उणे आहेत, त्यामुळे प्रीकट शून्य.

कामही फिरून मूळ जागी आलं आहे. आता पॅरामेट्रिक मुख्यतः इअरफोनची खोड काढायला वापरतात. उघड्या कानाची नळी 2,500 ते 3,000 हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. इअरफोननं नळी बुजवली की ती घुमार बदलते, आणि प्रत्येक इअरफोन तिची भरपाई आपापल्या परीनं करतो. ही भरपाई ऐकणाऱ्यांना कशी आवडते याचा अभ्यास हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012च्या सुमारास सुरू केला. याको पासानेन यांच्या ‘ऑटोईक्यू’ या खुल्या प्रकल्पात हजारो हेडफोनांचे तयार आकडे मिळतात. ते घ्यावेत, पण वरच्या पट्ट्यांत आपल्या कानावर विश्वास ठेवावा. 8,000च्या पुढे इअरफोन किती आत बसला आहे यावरसुद्धा फरक पडतो. माझ्या इअरफोनवर भजनातला टाळ सुईसारखा टोचायचा. तयार आकड्यांत ती जागा 8,200 होती, मला ती 7,400 वर सापडली. तिथे 5 डेसिबल कमी केले आणि टाळाचा पितळी नाद कानी पडला.

मामांच्या कॅसेटमध्ये घूंचं दुसरं घर आहे 100 वर, तिसरं 150 वर. 150 वर मी 9 डेसिबल कमी केले आहेत. 100 वर एकदा कापून पाहिलं. विलंबित एकतालात समेवर मास्तर डग्गा दाबत नेतात, तो घुमत घुमत नेमका तिथून जातो, आणि कापल्यावर मधेच त्याचा श्वास तुटल्यासारखं झालं. तो पट्टा मी बंद करून टाकला. तेवढी घूं राहिली आहे.