कूलर, शिसव आणि गिटारचा पिकअप

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. कूलर बंद करायची सोय नाही. माइक लावून गिटार रेकॉर्ड केली की बोटांआधी कूलरच ऐकू येतो. म्हणून पिकअप. पण कोणता?

पिकअप जन्मला गर्दीसाठी. १९३०च्या आसपास अमेरिकेतल्या डान्स बँडमध्ये ट्रम्पेटपुढे गिटार ऐकूच यायची नाही. जॉर्ज बीचमने चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं वापरलं. १९३७ मध्ये पेटंट मिळालं. पण हा पिकअप स्टीलच्या तारेची थरथर पकडतो, लाकडाची नाही.

दुसरी वाट १८८० मधली. काही स्फटिक दाबले की वीज तयार होते, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं. त्याच पिएझो तत्त्वाची पट्टी पुढे सॅडलखाली गेली. स्टेजवर ती कमी शिट्टी मारते. पण तार जोरात छेडली की आवाज प्लास्टिकसारखा होतो.

म्हणजे दोन्ही उत्तरं स्टेजच्या प्रश्नाची. माझ्या खोलीत ना ड्रम, ना स्पीकर. फक्त हेडफोन.

मी ब्रिजखाली आतून चिकटणाऱ्या पिएझो चकत्या घेतल्या. मोठ्या स्पीकरसमोर त्या शिट्टी मारतील, पण अंगठ्याचा बास आणि लाकडाचा ठोका त्यांना कळतो.

मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलचं रोजवूड सोडून भारतीय शिसव घेतलं. आपल्या जंगलातही सागासोबत शिसव आहे. माझ्या गिटारची पाठ त्याचीच. जॅकसाठी भोक पाडताना म्हणूनच हात थांबला होता. आता कूलर चालू असतो, आणि ऐकू येतं ते लाकूड.