अवटू ग्रंथी आणि मूत्रपिंडे : उतारवयातील संबंध

अवटू ग्रंथी (थायरॉइड) गळ्याच्या पुढच्या बाजूला असते, मूत्रपिंडे (किडन्या) पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना. दोघांचे नाते रक्तातून चालते. साठीनंतर ते विशेष महत्त्वाचे ठरते, कारण या वयात दोन्ही अवयवांची मंदगती ‘वय झालं’ या दोन शब्दांत खपून जाते.

ग्रंथी मंदावली (हायपोथायरॉइडिझम) की हृदयाची गती आणि जोर कमी होतो, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त घटते आणि गाळण उतरते. रक्तातले क्रिएटिनीन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ) वाढते. त्यात स्नायूही दुखावलेले असले तर ते आणखी चढते. शरीरातले जादा पाणी नीट बाहेर पडत नाही, सोडियम खाली येते आणि म्हातारे माणूस बावरल्यासारखे, तोल गेल्यासारखे वागू लागते. योग्य उपचारांनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाळणातली ही घट बरीचशी भरून येऊ शकते. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात असे क्वचितच घडते. म्हणूनच हे निदान निसटणे फार महाग पडते.

सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडांची गाळण मोजणारी रक्ततपासणी येथे फसवते. ग्रंथी मंद असताना रक्तातले सिस्टॅटिन-सी घटते, म्हणजे क्रिएटिनीन वाईट सांगत असते आणि ही चाचणी चांगले. ग्रंथी अतिसक्रिय असताना उलट घडते. शिवाय स्नायू झिजल्याने क्रिएटिनीन कमी दिसते आणि मूत्रपिंडाचा खरा आजार झाकला जातो.

मूत्रपिंडे बिघडली की ग्रंथीचे आकडेही बदलतात. टी-४ या थायरॉइड संप्रेरकाचे टी-३ मध्ये रूपांतर कमी होते, आयोडीन शरीरात साचते. लघवीतून प्रथिने फार जात असतील तर त्यांच्याबरोबर थायरॉइडचे संप्रेरकही वाहून जाते.

इतिहास : विल्यम गल यांनी 1873 मध्ये प्रौढ स्त्रियांतील ग्रंथीच्या मंदतेचे वर्णन केले. 1891 मध्ये जॉर्ज मरे यांनी 46 वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती वयाच्या 74 व्या वर्षापर्यंत जगली.

भारतातील आठ शहरांच्या पाहणीत (प्रकाशन 2013) 5,376 प्रौढांपैकी 10.95 टक्क्यांना ग्रंथीची मंदता आढळली. पाहणीच्या ठिकाणांत मुंबई आणि गोवा होते. सिन्नरसारखी तालुक्याची गावे नव्हती.

सिन्नर (जि. नाशिक) हे विडी कामगारांचे जुने गाव. मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून विड्या वळणाऱ्या बाईचे गुडघे, कंबर, बोटे दुखणारच, हे घरात गृहीत धरलेले असते. पण अंगदुखी, थकवा, चेहऱ्यावरची सूज ही मंद थायरॉइडचीही लक्षणे आहेत. दुखण्यावर गोळी आणली जाते, आणि रोजची वेदनाशामक गोळी वृद्धांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. मूळ कारण गळ्यात असले तरी इजा मात्र किडनीला होते.

उपचार : लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) वृद्धांना अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, जास्त झाल्यास हृदयाची लय बिघडते, हाडे विरळ होतात. वयाबरोबर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढते) थोडे चढणे स्वाभाविक मानले जाते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 65 व त्यापुढील वयाच्या 737 जणांवरील युरोपीय चाचणीत सौम्य मंदतेवर गोळी देऊन लक्षणांत फरक पडला नाही. अशा सौम्य अवस्थेत गोळीने मूत्रपिंडांची घसरण थांबते का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियम, लोह आणि डायलिसिसवरील रुग्णांना फॉस्फरससाठी दिली जाणारी औषधे तिला आतड्यात अडवतात. त्यांत चार तासांचे अंतर हवे.



क्रिएटिनीन वाढलेल्या वृद्धाला कायमचा किडनीचा रुग्ण ठरवण्यापूर्वी टीएसएच तपासून घ्यावे. सिन्नरहून नाशिक सुमारे 30 किलोमीटर आहे. किडनीच्या उपचारांसाठी त्या वाटेला लागण्याआधी रक्ताची ही एक तपासणी झालेली असावी.