तुरुंगातल्या फोनचे पैसे कोण भरते?

कारागृहातल्या बंद्याला घरी फोन करता येतो. मात्र तो कारागृहाने बसवलेल्या फोनवरून, मोजकी मिनिटे आणि पडताळणी झालेल्या नंबरवरच. महाराष्ट्रात पूर्वी कॉइन बॉक्स होते. २०२३ मध्ये येरवडा कारागृहात स्मार्ट कार्डचा फोन आला. पैसे बंद्याने भरायचे, म्हणजे बहुतेक वेळा घरच्यांनीच. घरून येणाऱ्या मनिऑर्डरमधूनच त्याचा कॅन्टीनचा साबण आणि बिस्किटेही येतात.

मिनिटाचा दर ऐकून कुणीही म्हणेल, एवढ्याशा पैशांचे काय! येवल्यातून हिशोब करून बघा. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह इथून ऐंशीएक किलोमीटर. मार्च २०२३ पासून बाईला एसटीचे तिकीट अर्धे झाले, पण मागावरचा किंवा शेतातला दिवस बुडतो तो पूर्णच. तेही काही मिनिटांच्या मुलाखतीसाठी. वकील भेटला का, तारीख कधीची, जामीनदार मिळाला का, एवढे विचारायला फोन पुरतो. म्हणून आम्ही फोनला सवलत मानत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. सक्तमजुरीच्या बंद्याला कामाची थोडीफार मजुरी मिळते. कच्च्या कैद्याला सहसा कामच नसते. गुन्हा सिद्ध न झालेला माणूसच घरच्या पैशांवर जास्त अवलंबून. या बंद्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण पाचवा हिस्सा आहे, हेही लक्षात असू द्या.

कोरोनात मुलाखती थांबल्या तेव्हा फोन आणि व्हिडिओ कॉल मिळाले. २०२१ मध्ये मुलाखती सुरू होताच तळोजा कारागृहात फोन बंद झाले. भीमा कोरेगाव प्रकरणातले गौतम नवलखा तेव्हा तिथे होते. दिल्लीत राहणाऱ्या त्यांच्या जोडीदार साहबा हुसेन यांनी याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. अमेरिकेत मार्था राइट या आजीने नातवाच्या महागड्या फोनविरुद्ध २००० मध्ये दावा लावला. तिच्या नावाचा कायदा व्हायला २०२३ उजाडले, तोवर ती हयात नव्हती.

घरच्यांचे सिम बंद पडले की नोंदवलेला नंबर निकामी होतो आणि पडताळणी पुन्हा करावी लागते. वस्तीत आधी हेच विचारा. ई-मुलाकात पोर्टलवर व्हिडिओ भेटीची नोंदणी करता येते, पण त्याला स्मार्टफोन लागतो; तिथे आपल्या पोरांनी आपला फोन द्यावा. वकील नसेल तर येवल्याच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.