थंडीतला सुगंध, पूर्वेकडून आलेला

इंग्लंडमध्ये जानेवारीत दुपारी चारलाच अंधारून येतं. गुलाब छाटलेले असतात, वाफे उघडेबोडके पडलेले असतात. तरीही काही जुन्या बागांमध्ये शिरलं, की गोड वास अंगावर येतो. हा वास देणारी झुडपं तिथली नव्हेत. त्यांतली बहुतेक गेल्या अडीचशे वर्षांत चीन, जपान आणि नेपाळमधून तिथे पोहोचली.

विंटरस्वीट हे त्यांतलं सर्वांत आधी आलेलं एक झुडूप. १७६६ साली ते लॉर्ड कॉव्हेंट्रींच्या क्रूम इथल्या बागेत चीनहून आलं. पानं गळून गेलेल्या काटक्यांवर मेणासारखी पिवळसर, आत जांभळट छटा असलेली फुलं येतात. एक डहाळी फुलदाणीत ठेवली तरी खोली भरून जाते. चीनमध्ये याची लागवड शतकानुशतकं चालत आली होती. बाराव्या शतकातला सम्राट हुइझोंग याच्या नावावर असलेल्या एका चित्रात पाखरं याच झुडपावर बसलेली आहेत.

पुढे रॉबर्ट फॉर्च्यून चीनमध्ये हिंडला. हिंदुस्थानात चहाची रोपं आणणारा फॉर्च्यून तो हाच. त्याने १८४५ मध्ये थंडीत फुलणारं, सुवासिक हनीसकल इंग्लंडला पोहोचवलं. महिनोन्‌महिन्यांच्या सागरी प्रवासात खाऱ्या वाऱ्याने रोपं मरत. डॉ. वॉर्ड यांनी शोधलेल्या बंद काचपेट्यांमुळे ती जगू लागली आणि रोपवाटिकांच्या धंद्याला बरकत आली.

या धंद्यात लंडनच्या व्हीच घराण्याचा मोठा दबदबा होता. त्यांचा माणूस चार्ल्स मेरीज याने १८७९ मध्ये चीनमधून विच हेझेलची एक जात आणली. भर थंडीत तिला रिबिनीच्या तुकड्यांसारख्या पिवळ्या पाकळ्या येतात. कडक गारठा पडला की त्या गुंडाळून घेतात, ऊब मिळताच पुन्हा उलगडतात. वासही झकास. पण व्हीचच्या रोपवाटिकेत तिला जपानी विच हेझेलचाच एक प्रकार समजून बाजूला ठेवलं गेलं. जवळजवळ वीस वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. अखेर १८९८ मध्ये क्यू उद्यानाचे जॉर्ज निकोल्सन यांनी ती वेगळी जात असल्याचं ओळखलं. मग मात्र तिची कलमं भराभर बांधली गेली.

मेरीज तोवर हिंदुस्थानात स्थिरावला होता. आधी दरभंग्याच्या महाराजांकडे आणि नंतर ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दरबारात त्याने बागांची व्यवस्था पाहिली, आंब्याच्या जातींचा अभ्यास केला. १९०२ मध्ये त्याने ग्वाल्हेरलाच देह ठेवला.

हिमालयातलं डाफ्ने भोलुआ बरंच नंतर गाजलं. नेपाळात त्याच्या सालीपासून लोक्ता कागद करतात, पण बागवानांना हवा होता त्याचा वास. १९६२ मध्ये मेजर स्प्रिंग-स्मिथ यांनी पूर्व नेपाळातून त्याची रोपं आणली. त्यांतल्या ‘गुरखा’ या वाणाच्या बियांपासून हिलियर रोपवाटिकेत १९८२ साली ‘जॅकलिन पोस्टिल’ हा वाण निघाला. आज ब्रिटनमधल्या हिवाळी बागांत तो हटकून दिसतो.

थंडीत परागीभवन करणारे कीटक मोजकेच असतात. त्यांना लांबून बोलवायचं तर वासही तेवढाच दणकट हवा. म्हणूनच ही इवली फुलं एवढी घमघमतात. उन्हाळ्यात मात्र यांतली बरीच झुडपं अगदी सामान्य दिसतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी बागवेड्यांनी रोपवाटिकेत जानेवारीतच जावं, फुलाला नाक लावूनच झुडूप निवडावं, आणि ते बागेच्या टोकाला न लावता रोजच्या जाण्यायेण्याच्या दाराशी लावावं. डाफ्नेचे सगळे भाग विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर ते त्यांच्या हाती लागणार नाही, एवढं पाहावं.