पुण्यातले पहिले घर आणि यवतमाळचा हंगाम

यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलामुलींपैकी बरीच जण पहिल्या नोकरीसाठी पुणे गाठतात. नागपूर जवळ आहे, तिथे मामा-मावशी असतात. पण हिंजवडी, खराडी, हडपसर इथल्या आयटी कंपन्यांइतक्या जागा तिथे निघत नाहीत. ऑफर लेटर हातात पडले की घरात पहिला प्रश्न निघतो : पुण्यात राहणे परवडेल का? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महिन्याचे भाडे असते. हिशेब नीट मांडला तर वेगळेच दिसते. भाडे जेमतेम का होईना परवडते. परवडत नाही तो घरातला प्रवेश. त्यासाठी लागणारी एकरकमी रक्कम शेतकरी कुटुंबाकडे नेमक्या पैसे नसलेल्या महिन्यांत मागितली जाते.

आधी पगार पाहू. वर्षाला 3 लाख 60 हजारांचे पॅकेज म्हणजे कागदावर महिना 30,000. मूळ वेतन 15,000 धरले तर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 1,800, ग्रॅच्युइटी सुमारे 720 आणि वर्षाअखेरीस मिळेल-न मिळेल असा कामगिरीचा भाग समजा 1,500, हे सगळे त्या 30,000 मध्येच मोजलेले असते. पुढे स्वतःच्या वाट्याचा निधी 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात येतात साधारण 24,000. गावात मात्र ‘पोराला तीस हजार लागले’ अशीच बातमी फिरते आणि घरच्यांचे पुढचे सगळे अंदाज त्या आकड्यावर बेततात.

आता घर. उदाहरणादाखल वाकड-हिंजवडी पट्ट्यातला दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट घेऊ : भाडे 24,000, राहणारे तिघे, प्रत्येकी 8,000. हाती येणाऱ्या पगाराचा हा तिसरा हिस्सा. ओढाताणीचा, पण जमणारा. याच फ्लॅटची किल्ली मिळण्याआधी काय द्यावे लागते? तीन महिन्यांची अनामत 72,000, दलालाला एका महिन्याचे भाडे 24,000, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे 24,000. करारासाठी मुद्रांक शुल्क, 1,000 रुपये नोंदणी फी आणि करार करून देणाऱ्याचा मोबदला मिळून दोनेक हजार. एकूण 1,22,000, म्हणजे माणशी चाळीस हजारांच्या वर. गादी, बादली, गॅस, पंखा यांचे सात-आठ हजार आणि पहिला पगार होईपर्यंतचा खाण्याजाण्याचा खर्च धरला की आकडा साठ हजारांवर जातो. पगाराचा एक रुपयाही अजून आलेला नसतो.

या साठ हजारांत तीन जातींचा पैसा आहे आणि त्यांचा वेगवेगळा विचार व्हायला हवा. दलाली व नोंदणीचा पैसा गेला तो गेला. आगाऊ भाड्याचा पैसा फक्त आधी जातो. अनामतीचा पैसा खर्चच होत नाही. तो घरमालकाकडे अडकून पडतो आणि घर सोडताना, भांडण न झाल्यास, परत येतो. म्हणजे सर्वात मोठी रक्कम ही मुळात खेळत्या भांडवलाची अडचण आहे. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला ती जाणवतही नाही. ज्याच्याकडे नाही त्याने माणशी 24,000 ची अनामत गावातून महिना तीन टक्क्यांनी उचलली, तर व्याजाचेच महिन्याला 720 रुपये होतात. दलालीचे 8,000 अकरा महिन्यांवर पसरले की आणखी 727. करारपत्रावर 8,000 लिहिलेले भाडे त्याच्यापुरते साडेनऊ हजारांच्या आसपास पडते. त्याच फ्लॅटमधला पुण्यातल्या नोकरदाराचा मुलगा वडिलांच्या बचत खात्यातून अनामत भरतो आणि या जादा दीड हजारातल्या 720 रुपयांतून सुटतो. एकाच छताखाली गरिबाला घर महाग पडते.

आता दिनदर्शिका उघडू, कारण खरी गाठ तिथे आहे. जून-जुलैत निकाल लागतात, जुलैपासून कंपन्या तुकड्या-तुकड्यांनी रुजू व्हायला बोलावतात. यवतमाळ जिल्ह्यात हाच काळ पेरणी-डवरणीचा. बीटी बियाण्याची पाकिटे घेऊन झालेली असतात, डीएपीची गोणी 1,350 रुपयांना पडलेली असते, निंदणाची मजुरी रोखीने द्यावी लागते. पीककर्ज मे-जूनमध्ये मिळाले असेल तर ते मातीत गेलेले असते आणि उरलेले कृषी केंद्राच्या वहीत उधारीवर. पोळ्यापर्यंत घरात येणारा पैसा जवळजवळ नसतोच. सोयाबीन निघते दसरा-दिवाळीच्या आसपास. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू होते आणि चुकारे हाती येत राहतात ते हिवाळाभर. मुलाचा फोन जुलैत येतो : ‘बाबा, डिपॉझिट भरायचं आहे, रविवारपर्यंत.’ जानेवारीत मागितली असती तर हीच रक्कम घरातून निघाली असती. जुलैत ती सावकाराकडून, आईच्या दागिन्यांवर किंवा बचतगटाच्या कर्जातून येते.

रकमेचे वजन कापसात मोजून पाहावे. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे. साठ हजार म्हणजे सुमारे साडेसात क्विंटल. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर दीड एकराचे सगळे उत्पन्न झाले हे, तेही लागवडीचा खर्च वजा न करता आणि पूर्ण हमीभाव मिळाला असे धरून.

जुलैच्या याच सुमारास शासनाची मदतही संपलेली असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आहे, इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आहे. शिकत असलेल्या मुलाला शहरात छप्पर लागते, हे शासनाने मान्य केले आहे. शेवटची परीक्षा संपली की ही ओळख संपते. पदवी आणि पहिला पगार यांच्यामधल्या दोन-तीन महिन्यांसाठी कोणतीही व्यवस्था नाही, आणि सर्वात मोठी रक्कम नेमकी त्याच फटीत मागितली जाते. शैक्षणिक कर्ज असेल तर सवलतीचा काळ संपून त्याचा हप्ताही वर्षभरात दाराशी येतो.

ही अडचण पहिल्यांदाच उभी राहिली आहे असे नाही. गिरणगावात आलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी ती सामूहिक रीतीने सोडवली होती. एकेका गावाच्या खोल्या मुंबईत असत. गावातून आलेला तरुण थेट तिथे ट्रंक ठेवी, खाणावळीत जेवे, नोकरी लागल्यावर आपला वाटा देऊ लागे. जागा दाटीची होती, गैरसोयीची होती आणि बायकांना तिथे स्थान नव्हते, हे विसरू नये. पण प्रवेशाची किंमत त्या रचनेने जवळपास शून्यावर आणली होती. यवतमाळहून पुण्याला जाणे अलीकडचे आणि एकेकट्याचे आहे. मुलगा रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून शुक्रवारी सकाळी वाकडला उतरतो, सोमवारी त्याला रुजू व्हायचे असते. दोन दिवसांत तो काय पाहणार? नळाला पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देते, कंपनीची बस कुठे थांबते, हे विचारायला ओळखीचे कोणी नसते. दलाल ही माहिती विकतो. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली खरे तर ओळख नसण्याची किंमत आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. अनामत किती घ्यावी यावर मात्र राज्यात बंधन नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. ती राज्याने स्वीकारली तरच इथे लागू होईल. म्हणून पूर्ण अनामत बँकेतूनच द्यावी आणि तेवढाच आकडा करारात लिहून घ्यावा. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींवरच्या ओलीचे चित्रण करून ते त्याच दिवशी घरमालकाला पाठवावे. अनामत कापली जाते ती बहुधा ‘रंगकामाच्या’ नावाखाली.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी अविवाहितांना अडवतेच, पण आडनाव विचारून फोन ठेवला जातो तो अनुभव बौद्ध, मुस्लिम, बंजारा, आदिवासी मुलांच्या वाट्याला येतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यातून जाणाऱ्यांत ही मुले मोठ्या संख्येने आहेत. ज्याच्यासाठी दहापैकी चारच दारे उघडी, त्याला घासाघीस करता येत नाही. तो सांगतील ती अनामत देतो किंवा लांब राहून रोजचे दोन तास बसमध्ये घालवतो. हा अन्याय आहे आणि त्याची रक्कम दर महिन्याला मोजली जाते.

मग करावे काय? मुलामुलींना माझा सल्ला असा की जुलैत फ्लॅट घेऊच नये. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहावे. तिथे अनामत बहुधा एका महिन्याची असते, दलाली टाळता येते, गादी-गॅस विकत घ्यावे लागत नाही. जागा कोंदट असेल, जेवण बेचव असेल. पण सहा महिने काढता येतात. कॉलेज प्रवेशांच्या दिवसांत पुण्यात खोल्यांवर उड्या पडतात, ती गर्दी जानेवारीपर्यंत ओसरलेली असते. तोवर पगारातून काही शिल्लक पडते, कार्यालयात ओळखी होतात, गावाकडे चुकारे आलेले असतात. मग फ्लॅट घ्यावा, आणि करार अकराऐवजी तेहतीस महिन्यांचा मागावा. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्काचा दर तोच, पाव टक्का, आहे. दलालीचे 8,000 तेहतीस महिन्यांत विभागले तर महिन्याला 242 रुपये पडतात, 727 नव्हे. मुदतीआधी सोडण्याची अट तेवढी नीट वाचून घ्यावी.

पण एकट्याच्या काटकसरीने हा प्रश्न सुटायचा नाही. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्याने सर्वसाधारण घरांची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यावर आणली, आणि एजंटची फी भाडेकरूकडून घेण्याला बंदी घातली. आपल्याकडे कायदा होईपर्यंतही हप्त्यांची पद्धत सुरू करायला कोणाची हरकत नसावी. कंपन्यांनी रुजू होण्याच्या दिवशी एका पगाराइतकी बिनव्याजी उचल द्यावी आणि सहा महिन्यांत कापून घ्यावी. नोकराचा पुढचा पगार त्यांच्याच हाती असल्याने यात जोखीम थोडी आहे. जिल्ह्यातल्या पतसंस्थांनी ऑफर लेटर आणि नोंदणीकृत करार पाहून अनामतीपुरते कर्ज द्यावे. अनामत परत येणारा पैसा आहे, हे लक्षात घेतले तर असे कर्ज शेतीकर्जापेक्षा सुरक्षित ठरते.

शेवटची विनंती पुण्यात आधीच स्थिरावलेल्या यवतमाळकरांना. तुमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने वाकड किंवा खराडीला एक फ्लॅट भाड्याने घेऊन ठेवावा आणि नव्याने येणाऱ्या सहा-सात मुलांना पहिले दोन महिने तिथे ठेवून घ्यावे, मुलींसाठी वेगळा. शंभर जणांनी महिन्याला पाचशे रुपये काढले तर पन्नास हजार जमतात, आणि वरच्या हिशेबाने दोन्ही फ्लॅटचे भाडे त्यातून निघते. पुढच्या जूनच्या आत हे सुरू करा. आडनाव न विचारता.